दार ठोठावणारा प्रभू आणि आमच्या घरातला लॅपटॉप

मननासाठी शास्त्रभाग : फिलेमोनास पत्र, वचने ८ ते १९, प्रकटीकरण ३:२०



आजचं मनन लिहायला मला बरेच महिने लागले, कारण ते माझ्याच घरातलं आहे. लिहायला बसण्याआधी मी तिघांची परवानगी घेतली. एक माझा पुतण्या, दुसरी माझी धाकटी जाऊ आणि तिसऱ्या आमच्या मंडळीतल्या एक मावशी. तिघांनी हो म्हटलं तेव्हाच लेखणी उचलली. एवढी विचारपूस कशासाठी, ते पुढे वाचाल तेव्हा लक्षात येईल.

आमचं राजेश्वर बसवकल्याण तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. बिदर जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला, पण घरातली बोली काही सरकारी आदेशाने बदलत नाही. म्हणून आमच्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू असं चालतं. उपासनेतही एक गीत मराठी तर एक कन्नड. आता दोन्ही भाषांतले गीतांचे कागद कोणीतरी टाईप करायला हवेत. मला थोडंफार टायपिंग येतं हे पाळकसाहेबांना कळलं आणि ते काम माझ्याकडे आलं. तेवढ्यासाठीच आमच्या ह्यांनी एक जुना लॅपटॉप घेऊन दिला.

सुरुवातीला त्यात नुसती गीतं होती. मग सभासदांची यादी आली, वाढदिवस आले, संडे स्कूलची हजेरी आली. मयताच्या घरी मदत द्यायच्या फंडाचा हिशेब आला. आणि एक फाईल आली, तिचं नाव मी साधंच ठेवलं होतं, 'प्रार्थना'. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असते. सभा संपली की एकेकजण मागे थांबते, हळूच कानाशी सांगते, आमच्यासाठी एवढी प्रार्थना करा. कुणाची सोनोग्राफी, कुणाचं कर्ज, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या लेकीचं सासरी बरं नाही. मी विसराळू आहे. कुणी प्रार्थनेतून राहून जाऊ नये म्हणून मी घरी आले की ते नावासकट टाईप करून ठेवायची.

आमचं घर एकत्र आहे. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या. आम्ही दोघं आणि आमची मुलगी. धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा. लॅपटॉप माजघरातल्या टेबलावर असायचा. पासवर्ड नव्हता. घरच्यांपासून काय लपवायचं, असं मला मनापासून वाटायचं. पुतण्या त्यावर कॉलेजचं काम करायचा, मुलगी सिनेमा बघायची, दीर सोयाबीनचा आणि तुरीचा भाव बघायचे. मला कुणी विचारायचं नाही आणि मलाही त्यात काही वाटायचं नाही. उलट विचारलं असतं तर वाटलं असतं, हा काय परकेपणा.

एके दिवशी मी आत्याबाईंना घेऊन हुमनाबादला दवाखान्यात गेले होते. घरी पुतण्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होता. त्याला त्याचा स्कॅन केलेला फोटो सापडेना. शोधता शोधता नुकत्याच उघडलेल्या फायलींच्या यादीत 'प्रार्थना' दिसली. त्याने उघडली. वाईट हेतू नव्हता, हे मी आज खात्रीने सांगते. पण उघडल्यावर एक नाव ओळखीचं दिसलं आणि त्याने आईला हाक मारली, "मम्मी, हे बघ काय लिहिलंय."

जावेने वाचलं. ती मनाने वाईट नाही. तिला खरंच कळवळा आला. आणि त्या कळवळ्यातच तिने दुसऱ्या दिवशी नळावर मंडळीतल्या दोघींना सांगितलं, "आपण सगळ्यांनी ह्या गोष्टीसाठी प्रार्थना करायला पाहिजे गं." त्या दोघींनी आणखी दोघींना प्रार्थनेला जोडून घेतलं. प्रियांनो, आपल्या मंडळ्यांमध्ये चहाडी कधी चहाडीच्या नावाने येत नाही. ती बहुतेक वेळा प्रार्थनेची विनंती म्हणूनच येते.

रविवारी उपासनेनंतर दारातच एका बहिणीने त्या मावशींचा हात धरला आणि म्हणाली, "धीर धरा, देव सगळं नीट करील." मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी गर्दीतून मला शोधलं. जवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी फक्त तुला सांगितलं होतं, बाई."

त्यांनी काय सांगितलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. एकदा बाहेर गेलं तेवढं पुरे. पुढचे पाच रविवार त्यांची बाकावरची जागा रिकामी होती.

घरी आले ती संतापाने थरथरत. कोणाशी एक शब्द न बोलता मी लॅपटॉपला पासवर्ड घातला आणि झाकण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुतण्या येऊन बसला. पडद्यावर पासवर्ड मागत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी भाजी निवडत राहिले. त्याचा फॉर्म अर्धवट होता आणि दोनच दिवस उरले होते, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले नाही. तो बस पकडून हुमनाबादच्या नेट सेंटरवर गेला आणि रात्री परत आला.

जाऊ संध्याकाळी म्हणाली, "अक्का, आम्ही काय चोर आहोत का ह्या घरात?" मी म्हणाले, "चोर असता तर बरं झालं असतं. चोराने लॅपटॉप नेला असता, मावशींची अब्रू नेली नसती." हे बोलून मला फार बरं वाटलं, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात चूल एक होती पण बोलणं बंद होतं. कौटुंबिक प्रार्थनेलाही जाऊ डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहायची.

हे सगळं आत्याबाई बघत होत्या. त्यांना लॅपटॉप म्हणजे काय ते नीट माहीत नाही. त्या त्याला 'टीवीची पेटी' म्हणतात. एका दुपारी त्यांनी मला आणि जावेला दोघींना समोर बसवलं. त्यांच्या कमरेला लोखंडी कपाटाची किल्ली असते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती तिथेच पाहते आहे. त्यांनी ती काढली नाही, नुसता हात ठेवला आणि जावेला म्हणाल्या, "ही किल्ली माझ्या कमरेला हाय म्हणून तू कधी म्हणलीस का, आत्याबाई आम्हाला चोर समजतात?"

जाऊ गप्प.

"कपाटात माझं काय हाय? दोन लुगडी. बाकी तुझे डाग हायत, हिचे हायत, शेताची कागदं हायत, नणंदेचे ठेवायला दिलेले पैसे हायत. दुसऱ्याचं हाय म्हणून कुलूप हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण मी कुलूप घातलं तवा सगळ्यांना सांगून घातलं. आणि मागितलं तवा कुणाला नाही म्हणलं नाही. तू रागानं घातलंस."

शिकलेल्या मला जे आठवडाभर कळलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

पहिली गोष्ट, त्या लॅपटॉपमध्ये जे होतं ते माझं नव्हतंच. मी त्याची मालकीण नव्हते, कारभारीण होते. करिंथकरांस लिहिताना पौल सांगतो की कारभाऱ्याकडून एकच अपेक्षा असते, तो विश्वासू असावा. आणि लूकच्या १६व्या अध्यायात प्रभू विचारतो की दुसऱ्याच्या वस्तूबाबत जो विश्वासू नाही त्याला स्वतःचं असं कोण काय देणार? मी 'आपलं घर, आपली माणसं' म्हणून जे दार सताड उघडं ठेवलं होतं ते माझं दार नव्हतं. ते मावशींचं होतं. घरच्यांवर प्रेम म्हणून मी दुसऱ्याची ठेव उघड्यावर ठेवली होती. म्हणजे पहिला दोष पुतण्याचा नव्हता, जावेचा नव्हता. माझा होता.

मंडळीच्या नोंदी कुलपात ठेवण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक मंडळीने बाप्तिस्मा, लग्न आणि मूठमाती यांची वही ठेवावी. त्याच हुकमात होतं की वहीसाठी पेटी असावी, तिला दोन कुलपं असावीत, एक किल्ली पाळकाकडे आणि दुसरी मंडळीच्या कारभाऱ्यांकडे. पुढे १६०३च्या नियमांत कुलपं तीन झाली. एक किल्ली पाळकाकडे, बाकीच्या दोन दोघा कारभाऱ्यांकडे. पाळकालाही एकट्याला ती पेटी उघडता येऊ नये आणि कारभाऱ्यांनाही पाळकावाचून उघडता येऊ नये, असा त्यामागे हेतू होता. त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता असं नाही. वहीत ज्यांची नावं होती त्या लोकांचा विश्वास सांभाळायचा होता. आपल्या मंडळ्यांतही जुनी रजिस्टरं लोखंडी पेटीत असतात, ती कोणी माजघरातल्या टेबलावर ठेवत नाही. मग तीच माहिती लॅपटॉपमध्ये आली की आपण इतके सैल का होतो? पेटी दिसते, फाईल दिसत नाही, म्हणून असेल.

दुसरी गोष्ट आत्याबाईंनी सांगितली ती रागाच्या कुलपाची. इथे मला फिलेमोनाचं पत्र आठवलं. नव्या करारातलं हे छोटंसं पत्र, एकच अध्याय. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दुरावलेला. तुरुंगात असलेल्या पौलाला तो भेटला, विश्वासात आला आणि पौलाच्या फार उपयोगी पडू लागला. पौलाला त्याला जवळ ठेवून घ्यावंसं वाटत होतं. पौल वयाने मोठा, प्रेषित, फिलेमोनाचा आध्यात्मिक बाप. त्याने नुसतं ठेवून घेतलं असतं तरी कोण बोललं असतं? पण तो लिहितो की तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं, कारण चांगली गोष्टसुद्धा जुलमाने होऊ नये, मनापासून व्हावी.

हे वाचताना मला जाणवलं की विचारणं हे परकेपणाचं लक्षण नाही. पौल आणि फिलेमोन एकमेकांना भाऊ म्हणत होते. भाऊ होते म्हणूनच त्याने विचारलं. आपल्याकडे उलट चालतं. जवळच्या माणसाला विचारायचं नाही, ते सगळं लांबच्यांसाठी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणताना आपण विचारतो आणि जावेची साडी न विचारता नेसतो.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत मी हाच भाग वाचला. चांगलं बोलत होते. म्हटलं, दुसऱ्याचं पत्र असो, पेटी असो, लॅपटॉप असो, विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हा ख्रिस्ती घराचा नियम असला पाहिजे. पुतण्या खाली मान घालून ऐकत होता. जाऊही त्या दिवशी बाहेर येऊन बसली होती. तेवढ्यात माझी मुलगी, पीयूसीला आहे, हळूच म्हणाली, "आणि माझा फोन, आई?"

बहिणींनो, मला खाली जमीन दुभंगावी असं वाटलं. ती झोपली की मी तिचा फोन उघडून बघत होते. तिचा पॅटर्न मला पाठ होता. कितीतरी महिने हे चाललं होतं आणि मला वाटत होतं की तिला माहीत नाही. तिला सगळं माहीत होतं. ती मैत्रिणींचे मेसेज वाचून लगेच पुसून टाकत होती. तिच्याही मैत्रिणी तिला विश्वासाने काही सांगत असणारच, जसं मला मावशींनी सांगितलं होतं. पुतण्याने नकळत एकदा जे केलं ते मी जाणूनबुजून रोज रात्री करत होते आणि त्याला आईची काळजी असं नाव दिलं होतं.

प्रार्थना पुढे नेता येईना. मी तिची सगळ्यांसमोर क्षमा मागितली. मग पुतण्याची मागितली, त्याला दोन दिवस हुमनाबादला पळवलं म्हणून. मग जावेची. जाऊ रडायला लागली. म्हणाली, "मी नळावर बोलायला नको होतं, अक्का." मग आम्ही उत्पत्तीचा ९वा अध्याय काढला. नोहा तंबूत उघडा पडला होता. हामाने ते पाहिलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ वस्त्र खांद्यावर घेऊन पाठमोरे आत गेले आणि बापावर पांघरूण घातलं. नजरेस पडणं कधी कधी आपल्या हातात नसतं. पण पडल्यावर बाहेर सांगत सुटायचं की पाठमोरं होऊन झाकायचं, हे आपल्या हातात असतं. त्या रात्री आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी सगळ्यांनी एकत्र 'आमेन' म्हटलं.

आता आम्ही घरात काय केलं ते सांगते. मंडळ्यांमधल्या पुष्कळ बहिणी आणि तरुण हे काम घरच्याच लॅपटॉपवर करतात, त्यांना उपयोग होईल.

पहिलं, सगळ्यांना सांगून कुलूप घातलं. काय कुलपात आहे हे सांगितलं नाही, पण का आहे ते सांगितलं. ही मंडळीची ठेव आहे, तुमच्यावर संशय नाही.

दुसरं, नुसतं दार बंद केलं नाही, घरच्यांना त्यांचं दार दिलं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन घरातल्या दुसऱ्या माणसांसाठी वेगळं खातं काढता येतं. मी घरच्यांसाठी एक खातं काढलं आणि ते 'स्टँडर्ड' ठेवलं, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नाही. अशा खात्यातून माझ्या खात्यातल्या फायली उघडत नाहीत, त्यांचं काम मात्र अडत नाही. पूर्वी पाहुण्यांसाठी 'गेस्ट' खातं असायचं, विंडोज १०पासून तशी सोय राहिली नाही, म्हणून हे वेगळं खातं काढावं लागतं. पुतण्यानेच मला हे करून दाखवलं. ज्याच्यामुळे घडलं त्याच्याच हातून कुलूप बसवलं, यात मला प्रभूची दया दिसते.

तिसरं, टेबलावरून उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकदम दाबायचं. लगेच पडदा बंद होतो आणि पासवर्ड मागतो. गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठायचं असलं तरी. शिवाय थोडा वेळ हात लावला नाही तर आपोआप बंद होईल असंही लावून ठेवलं. पासवर्ड मुलीच्या वाढदिवसाचा ठेवला नाही, कारण तो घरात सगळ्यांनाच माहीत असतो.

चौथं, हिशेबाच्या आणि प्रार्थनेच्या फायलींना वेगळा पासवर्ड आहे. हा पासवर्ड विसरला तर फाईल उघडून द्यायला कंपनीही असमर्थ असते, हे लक्षात ठेवा. म्हणून तो मी कागदावर लिहून, पाकीट चिकटवून पाळकसाहेबांकडे दिला आहे. उद्या प्रभूने मला बोलावलं तर मंडळीचा हिशेब माझ्याबरोबर जायला नको. जुन्या पेटीच्या दोन किल्ल्यांसारखंच हे झालं. फायलींची एक प्रत पेन ड्राईव्हवर आहे आणि तो आत्याबाईंच्या कपाटात. त्या किल्लीइतका सुरक्षित पासवर्ड मला अजून सापडलेला नाही.

पाचवं, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडलं असेल तर ते बंद करून यायचं. नाही तर ते उघडंच राहतं आणि येणारा प्रत्येक मेसेज समोर बसलेल्याला दिसतो. आपल्या फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये पाहिलं की कुठे कुठे उघडं राहिलंय ते कळतं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. प्रार्थनेच्या फाईलमध्ये आता मी नावं लिहीत नाही. 'एक बहीण, घरासाठी' एवढंच लिहिते. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. जे लिहिलंच नाही ते फुटत नाही.

मुलीच्या फोनचंही ठरवलं. तिच्या वयाच्या मुलांची काळजी आईबापांनी घ्यायलाच हवी, फोनच्या वाटेने काय काय घरात येतं ते आपण जाणतो. पण ती उजेडात घ्यायची. रात्री दहाला घरातले सगळे फोन, माझासुद्धा, माजघरात चार्जिंगला लागतात. कधी शंका आली तर मी तिला शेजारी बसवून, सांगून बघते. ती झोपल्यावर नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय, घरातल्या घरात. तर कायद्यालाही हे क्षुल्लक वाटत नाही. आपल्या देशाच्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणक उघडण्याबद्दलच आहे. आणि खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. पण कलम दाखवून घर चालत नाही. जावेपुढे कायद्याचं पुस्तक ठेवलं असतं तर ती रडली नसती, भांडली असती. मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूने सांगितलेली वाटच घरासाठी बरी, आधी एकट्यात जाऊन भावाशी बोला.

राहिल्या मावशी. त्यांच्या घरी मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण पाणी विचारलं नाही. तिसऱ्यांदा मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, पोराने उघडलं, जाऊ बोलली, पण ठेव माझ्याकडे होती. जे काही देणं लागतं ते माझ्या नावावर मांडा." हे धैर्य मला पौलानेच दिलं. त्याने अनेसिमाचं देणं असंच आपल्या अंगावर घेतलं होतं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "क्षमा केली. पण आता तुला काही सांगणार नाही."

मला वाटलं होतं क्षमेबरोबर सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. त्या सहाव्या रविवारी उपासनेला आल्या, माझ्या मागच्या बाकावर बसल्या. आजही बुधवारी सभा संपली की त्या थांबत नाहीत, सरळ घरी जातात. क्षमा त्यांनी दिली, ती देवाची देणगी आहे. विश्वास मला पुन्हा मिळवायचा आहे आणि त्याला किती बुधवार लागतील ते मी ठरवू शकत नाही. हे लिहू का, असं विचारायला गेले तेव्हा मात्र त्या किंचित हसल्या. म्हणाल्या, "ह्या वेळेला विचारलंस. लिही."

प्रकटीकरणाच्या ३ऱ्या अध्यायात प्रभू येशू दाराशी उभा राहून ठोठावतो, हे चित्र आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं. पण ते कुणाचं दार, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. तो निरोप लावदिकीया इथल्या मंडळीला आहे. म्हणजे ते त्याच्याच लोकांचं दार आहे, ज्यांना त्याने आपल्या रक्ताने विकत घेतलं त्यांचं. सगळ्या किल्ल्या ज्याच्या हातात आहेत, तो आपल्याच माणसांच्या दाराशी थांबून, आवाज देऊन, उघडायची वाट बघतो. मी मात्र माझ्या लेकीच्या उशाशी चोरपावलांनी जात होते.

आता आमच्या माजघरात दिवसातून दोन-तीनदा आवाज येतो, "काकू, लॅपटॉप घेऊ का?" मी बहुतेक वेळा हो म्हणते. पहिल्यांदा तो आवाज कानाला परका वाटायचा. आता वाटतं, कोणीतरी दार ठोठावतंय.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आमचं सगळं जाणतोस, तरी आमच्या मनाचं दार कधी मोडलं नाहीस. आमच्याकडे लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या गोष्टी सांभाळायला आम्हाला शहाणपण दे. जे आमच्या नजरेस पडलं ते झाकायला प्रीती दे. आपल्या माणसांनाही विचारायची नम्रता दे, आणि विचारणाऱ्याला हसून हो म्हणायचं मोठं मन दे. ज्यांचा विश्वास आमच्यामुळे दुखावला त्यांना तू जवळ घे आणि त्यांच्यासमोर धीराने थांबायला आम्हाला शिकव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.